सें-फियाक्रचा लाकडी पडदा : प्रकल्प नोंदी

1 एप्रिल 2024, सोमवार (ईस्टरची सुट्टी)

विषय ठरला: फ्रान्सच्या पश्चिम टोकाला असलेल्या ब्रिटनीतल्या सें-फियाक्र चॅपेलमधला, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिरातला, जुबे नावाचा लाकडी पडदा. पुण्यातल्या एका वास्तुकला महाविद्यालयाला युरोपातल्या जुन्या लाकूडकामाची प्रतिकृती अभ्यासासाठी हवी आहे आणि निवड माझ्यावर सोडली आहे. एखाद्या मोठ्या कॅथीड्रलचं काहीतरी येईल अशी त्यांची अपेक्षा असेल. मला मात्र खेड्यातलंच काम द्यायचं आहे. का, ते काम पुढे जाईल तसं लिहीनच.

चॅपेल ल फावेत गावाच्या दक्षिणेला एका छोट्या वाडीत आहे, मी राहतो त्या लोरियां शहरापासून उत्तरेला सुमारे 40 किलोमीटर. ल फावेतची जहागीर बूतव्हील घराण्याकडे होती, त्यांच्या आश्रयाने पंधराव्या शतकात ते उभं राहिलं. भिंती ग्रॅनाइटच्या, छप्पर पाटीच्या दगडाचं. आज आधी बराच वेळ पश्चिमेच्या भिंतीसमोर उभा राहिलो. भिंतीच्या त्रिकोणी माथ्यावरच घंटेचा मनोरा चढवलेला आहे. दोन्ही अंगांना दोन सडपातळ बुरूज, आणि बुरुजांपासून मनोऱ्याकडे जाणारे कठड्याचे अरुंद सज्जे. जमिनीपासून स्वतंत्र मनोरा उचलायचा तर पाया, दगड आणि पैसा सगळंच जास्त लागतं. इथे भिंतच मनोऱ्याचा भार घेते. तरी कुठेही काटकसर केल्यासारखं वाटत नाही. ब्रिटनीच्या गवंड्यांनी या युक्तीचं इतकं देखणं रूप करून ठेवलंय की पुष्कळ ठिकाणी मोठे मनोरे यापुढे जड वाटतात.

फियाक्र हा सातव्या शतकात आयर्लंडहून आलेला संन्यासी. पॅरिसच्या पूर्वेला मो शहराजवळ रानात राहिला, बाग फुलवली. म्हणून तो माळ्यांचा संत, आणि मूर्तीत त्याच्या हातात फावडं असतं. भोवतालचा सगळा मुलूख शेतीचा असल्यामुळे तो इथे शोभतो.

आत गेलं की जुबे समोर येतो. जुबे म्हणजे लोक उभे राहतात ते दालन आणि वेदीचा भाग या दोहोंमध्ये घातलेला आडवा पडदा. खाली जाळीची भिंत, मध्ये दार, आणि वर पूर्ण रुंदीचा सज्जा. या सज्जावरून शास्त्रपाठ वाचायचे, गायचे. सगळं ओकच्या लाकडात, आणि सगळं रंगवलेलं: लाल, निळा, हिरवा, सोनेरी. कारागिराचं नाव आणि साल त्यावर लिहिलेलं आहे: ऑलिव्हिए ल लोएर्गां, 1480. तेव्हा ब्रिटनी ही स्वतःचा ड्यूक असलेली वेगळी डची होती. फ्रान्समध्ये ती रीतसर सामील झाली 1532मध्ये. सरदार-राजांची नावं इतिहासात राहतात, पण खेड्यातल्या सुताराचं नाव साडेपाचशे वर्षं टिकणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आज फक्त बघितलं. वही उघडलीसुद्धा नाही.

6 एप्रिल, शनिवार

आराखडा. पूर्ण जुबे करणं एका माणसाच्या आवाक्यातलं नाही. मधलं दार, त्याच्या डावी-उजवीकडचा एकेक गाळा, आणि वरचा सज्जा एवढंच करायचं, 1:10 मापात. सोबत संपूर्ण चॅपेलचा 1:100चा साधा ठोकळा, म्हणजे हा पडदा इमारतीत नेमका कुठे बसतो ते कळेल.

लाकूड: सांगाडा ओकचाच, कारण सांध्याची वागणूक दाखवायची तर लाकूड तेच हवं. कोरीव तावदानांना पेअरचं लाकूड. त्याचे रेषे इतके बारीक असतात की मिलिमीटरभर जाडीची कडही धरून राहते. छोट्या मूर्तींना लिंडन. सावंतवाडीला खेळण्यांसाठी आमच्याकडे पांगारा वापरतात, तो हलका आणि मऊ. लिंडनचा हात त्याच्या जवळचा आहे, पण धार थोडी जास्त मागतो.

एक अट मी स्वतःला घालून घेतली आहे: पूर्ण सांगाडा सुटा व्हायला हवा. एक तर विमानातून न्यायचा आहे. दुसरं म्हणजे मूळ काम अशाच पद्धतीचं. त्या काळचं ओकचं सुतारकाम खाच, कूस (म्हणजे खाचेत बसणारी लाकडाची जीभ) आणि लाकडी खुंटी यांवर उभं असतं. विद्यार्थ्यांनी ते उलगडून पुन्हा जुळवलं, तर तासभराच्या व्याख्यानापेक्षा जास्त कळेल.

मी दिवसा बोटींच्या आतलं सुतारकाम करतो. लोरियां हे शहरच जहाजांसाठी जन्मलं. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने 1666मध्ये इथे जहाजबांधणीचा तळ घातला आणि हिंदुस्थानातून आलेलं छापील सुती कापड याच धक्क्यांवर उतरायचं. पण 1943च्या बॉम्बहल्ल्यांत शहर जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झालं. त्यामुळे जुनं लाकूडकाम बघायचं म्हणजे आतल्या खेड्यांकडेच जावं लागतं. लोरियांमध्ये राहणाऱ्याला ही चॅपेलं किती मोलाची आहेत ते पटकन समजतं.

20 एप्रिल, शनिवार

सज्जाच्या कठड्याचं पहिलं तावदान.

कठड्यावर एकाशेजारी एक जाळीची तावदानं आहेत. त्यातली नक्षी पंधराव्या शतकातल्या फ्लँबॉयंट शैलीची: ज्वाळेसारखे वळणारे, एका टोकाला निमुळते होणारे आकार एकमेकांत अडकवलेले. दुरून पाहिलं तर वाटतं मोकळ्या हाताने काढलंय. वही घेऊन बसलं की कळतं, सगळं कंपासचं काम आहे. प्रत्येक ज्वाळेची पोटाकडची बाजू एका वर्तुळाचा तुकडा, पाठीकडची दुसऱ्या वर्तुळाचा, आणि दोन्ही जिथे उलटतात तिथे रेषेवर छोटी खूण. ज्याला ही तीन-चार वर्तुळं बसवता येतात त्याला नव्या नक्ष्या न संपता सुचत राहतात. ल लोएर्गांला त्या सुचल्या. मी आज दोन शेजारची तावदानं नीट उतरवली, दोन्हींचा सांगाडा एक आणि भरण वेगवेगळी.

रात्री बाबांना व्हिडिओवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "आधी भोकां पाड, मगे कड काढ. कड आधी काढलंस तर बारीक जागा मोडतली." तसंच केलं. प्रत्येक पोकळीच्या मध्ये ड्रिलने भोक, मग बारीक करवतीने आतला भाग काढला, आणि सगळ्यात शेवटी पटाशीने कडेला उतार दिला. जिथे दोन ज्वाळा टेकतात तिथे पटाशी दोन्ही बाजूंनी आत आणून मध्ये थांबवायची. एकाच बाजूने पलीकडे नेली की रेषे फाटतात.

उतार दिल्यावर तावदान एकदम बदलतं. सपाट जाळी असते तोवर ते नुसतं भोकं पाडलेलं फळकूट असतं. उतारावर प्रकाश पडला की प्रत्येक कडेला एक उजळ आणि एक गडद रेघ येते आणि लाकूड जाडीने दुप्पट वाटायला लागतं. मुळात हे काम मेणबत्त्यांच्या आणि बाजूच्या खिडक्यांच्या तिरप्या उजेडात पाहण्यासाठी केलेलं. म्हणून प्रतिकृतीला वरून सरळ दिवा लावायचा नाही, हे पेटीवर ठळक लिहून पाठवायचं.

1 मे, बुधवार

सुट्टी. केर्नास्क्लेदेनला जाऊन आलो. ल फावेतपासून जवळच, रोआं घराण्याने बांधलेलं नोत्र-दाम. त्याची प्रतिष्ठापना 1453मधली.

या दोन वास्तूंची एक दंतकथा या भागात सगळे सांगतात. दोन्ही कामं एकाच वेळी चालू होती आणि हत्यारं मात्र एकाच जागेपुरती होती. मग देवदूत ती हत्यारं इकडून तिकडे नेऊन पोचवायचे. इकडच्या गवंड्याला छिन्नी लागली की तिकडून यायची. मला ही कथा खरोखर आवडते, कारण ती कामाच्या माणसांनी रचलेली वाटते. चमत्कार कशाचा, तर हत्यार वेळेवर हातात येण्याचा. आणि तिच्यामागे एक खरी गोष्ट असणार: हत्यारं महाग होती, आणि एका मुलुखातले तेच ते कारागीर एका कामावरून दुसऱ्या कामावर जात असत.

पण दोन्ही वास्तू एका स्वभावाच्या नाहीत. केर्नास्क्लेदेनला दगडी कमानींचं छत आहे, ब्रिटनीत ते दुर्मीळ. दगडी छत भिंतींना बाहेर ढकलतं, म्हणून बाहेरून जाड आधार द्यावे लागतात. त्या छतावर आणि भिंतींवर पंधराव्या शतकातली चित्रं आहेत: मरियेचं जीवन, येशूचं बालपण, आणि दक्षिणेकडच्या बाजूच्या दालनात मृत्यूचं नृत्य आणि नरक. नरकात माणसं कढईत उकळताना दिसतात. सें-फियाक्रला छत लाकडी फळ्यांचं, अर्धगोल, उलट्या होडीच्या पोटासारखं. ते हलकं असल्यामुळे भिंती सडपातळ चालतात. पैसा आणि कौशल्य एका ठिकाणी दगडात आणि रंगात गेलं, दुसऱ्या ठिकाणी लाकडात. शेजारची दोन गावं एकमेकांकडे बघत बांधत होती हे दोन्ही जागा एका दिवसात पाहिल्या की जाणवतं.

9 मे, गुरुवार

आज कामाला हात लावला नाही, पण प्रकल्पाचा कणा आज सापडला.

सकाळी प्रिझियाकजवळचं सें-निकोला चॅपेल. तिथेही लाकडी जुबे आहे, सोळाव्या शतकातला. त्यावर संत निकोलाच्या चरित्रातले प्रसंग ओळीने कोरलेले आहेत. तोवर रेनेसांसची, म्हणजे प्रबोधनकाळाच्या नव्या शैलीची, हवा आलेली: ज्वाळा जाऊन त्यांच्या जागी चौकटी आणि खांब आले. पलीकडे उत्तर ब्रिटनीत प्लुबेझ्रजवळ केर्फोंचा जुबे, प्लुव्होर्नजवळ लांबादेरचा. सगळे खेड्यापाड्यांत. मोठ्या शहरांच्या कॅथीड्रलांत कितीतरी जुबे होते, जास्त मोठे, कित्येक दगडी. ते गेले. पॅरिसला सें-एतिएन-द्यु-मोंमधला एक राहिला, तोही अपवाद म्हणूनच दाखवतात.

का गेले? सोळाव्या शतकात ट्रेंटची धर्मपरिषद (1545 ते 1563) झाली. त्यानंतर कॅथलिक चर्चचा कल पालटला. लोकांना वेदी दिसली पाहिजे, प्रवचन त्यांच्या मध्ये उभं राहून दिलं पाहिजे, असं ठरत गेलं. मध्ये उभा असलेला पडदा अडचण ठरला. सतराव्या-अठराव्या शतकांत पाद्र्यांनी आणि विश्वस्तांनी आपल्याच चर्चमधले जुबे पाडले. जे उरले त्यातले बरेच फ्रेंच राज्यक्रांतीत गेले.

सें-फियाक्र हे गावाचं मुख्य चर्च नव्हतं. रविवारची प्रार्थना ल फावेतच्या चर्चमध्ये व्हायची. इथे मोठी गर्दी व्हायची ती वर्षातून पार्दोंच्या दिवशी. पार्दों म्हणजे ब्रिटनीची यात्रा: संताच्या दिवसाच्या सुमारास मिरवणूक, कापडी निशाणं, पूजा, आणि मग जेवणं. अशा ठिकाणी वेदी दिसते की नाही याची कुणाला रोजची निकड नव्हती. नव्या पद्धतीप्रमाणे आतलं बदलायला खर्च येतो, आणि तो खर्च मुख्य चर्चवर झाला. चॅपेल मागे राहिलं, आणि मागे राहिलं म्हणून त्याच्यातलं लाकूड राहिलं. लोक म्हणतात, भक्तीने जपलं. भक्ती होतीच, छप्पर गळायला लागलं की दुरुस्त करणारी गावकीच होती. पण पडदा वाचला तो जागा दुय्यम असल्यामुळे. वारसा म्हटलं की आपण मोठ्या आश्रयदात्यांची नावं घेतो, तिथे या साध्या कारणालाही जागा मिळाली पाहिजे. महाविद्यालयाला पाठवायच्या टिपणात हे पहिल्या पानावर घालणार आहे.

दुपारी सेंत-बार्ब. एले नदीच्या खोऱ्यावर, कड्याच्या अर्ध्यातल्या अरुंद खडकावर बसवलेलं चॅपेल. कथा अशी की जां द तुलबोदू नावाचा सरदार शिकारीला आला असताना वादळात सापडला, वीज पडून कडा कोसळू लागला, आणि त्याने संत बार्बराला नवस केला. काम 1489मध्ये सुरू झालं आणि 1512ला पुरं झालं. चर्चची वेदी सहसा पूर्वेला असते. इथे खडकाने पूर्व-पश्चिम जागाच दिलेली नाही, म्हणून इमारत उत्तर-दक्षिण फिरवली. रीत मोडण्यापेक्षा कडा फोडणं परवडलं असतं असं कुणीतरी म्हटलं असेलच, पण ज्याने हा निर्णय घेतला त्याचं डोकं जागेवर होतं. उतरताना खाली दिसणारे मोठे जिने नंतरच्या काळातले आहेत, आणि ते एका फार मोठ्या राजवाड्याला शोभतील असे आहेत.

25 मे, शनिवार

वेदीकडची बाजू.

जुबेला दोन तोंडं आहेत. दालनाकडच्या बाजूला, म्हणजे लोकांना दिसायचं ते: आदम, हव्वा आणि साप, देवदूताने मरियेला दिलेला निरोप, आणि वर उंचावर क्रूसावरचा येशू, त्याच्या पायाशी मरिया आणि योहान, आणि दोन बाजूंना दोन चोर आपापल्या क्रूसांवर पिळवटलेले. पतनापासून तारणापर्यंतची सगळी कथा एका नजरेत. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्यालाही ती खालून बघून समजायची.

वेदीकडून पाहिलं तर मजकूरच वेगळा. एक माणूस झाडावरची फळं चोरतोय. एक बाई आणि पुरुष. एक वाद्य वाजवत बसलेला. आणि एक माणूस, ज्याच्या तोंडातून चक्क कोल्हा बाहेर पडतोय. हा दारुडा आहे. दारू पिऊन ओकण्याला जुन्या फ्रेंचमध्ये कोल्ह्याचं नाव घेऊन बोलायचे आणि कोरणाऱ्याने तेच सरळ लाकडात उतरवलं. चोरी, वासना, आळस, दारू, असे हे दोष ओळीने लावलेले.

हे पाद्र्यांच्या बाजूलाच का, यावर लोक वेगवेगळं सांगतात. मला दोन गोष्टी एकत्र दिसतात. गायकवर्गाच्या आसनांखाली युरोपभर असंच कोरायची पद्धत होती: कोल्हे, दारुडे, भांडणारी जोडपी. तिथे कोरणाऱ्याला मोकळीक असायची. म्हणजे ल लोएर्गांने रूढ वाट धरली. पण रूढ असलं तरी परिणाम तोच राहतो: वेदीपाशी उभा राहून लोकांना पापाविषयी सांगणाऱ्या माणसासमोर, मान वर केली की, हे सगळं होतं. ही मांडणी ज्याने मान्य केली त्या काळच्या चर्चबद्दल माझ्या मनात आदर आहे.

मी कोल्ह्याचा माणूस निवडला. मूर्ती अंगठ्याच्या पेराएवढी. लिंडनचा तुकडा असा धरला की लाकडाचे रेषे कोल्ह्याच्या अंगाच्या लांबीने जावेत. माणसाचं डोकं मग आडव्या रेषांत कोरावं लागतं. उलट केलं तर डोकं सोपं जातं, पण कोल्ह्याची मान आपोआप तुटते. आधी जबडा मोठा उघडून घेतला. कोल्हा आत ठेवून बाहेरून सोडवत आणायचा असल्यामुळे ओठ आणि कोल्ह्याचे कान यांच्यामध्ये पटाशी जाईल एवढी फट सुरुवातीलाच हवी. माणसाचे डोळे शेवटी. दोन छोटे तिरपे घाव, बस्स. डोळे वर फिरलेले दिसतात आणि पोटातली कळ चेहऱ्यावर येते.

8 जून, शनिवार

सांधे. खुंटीची भोकं खाचेत आणि कुशीत एकाच रेषेत पाडायची नाहीत. कुशीतलं भोक खांद्याकडे किंचित सरकवायचं. निमुळती खुंटी ठोकली की ती वाकते आणि दोन्ही लाकडांना ओढून घट्ट धरते. मोठ्या कामात हा फरक चांगला दोन-तीन मिलिमीटर ठेवतात, 1:10मध्ये केसाएवढा. ओक थोडं ओलसर असतानाच जुळवायचं, म्हणजे सुकताना ते आणखी आवळतं. सांगाडा आज गोंद न लावता उभा राहिला आणि हलवला तरी करकरला नाही.

22 जून, शनिवार

रंगाआधीची पुटी.

मध्ययुगात लाकडावर थेट रंग देत नसत. आधी सरस, मग सरसात कालवलेली खडूची किंवा जिप्समची पूड, एकावर एक थर. सुकल्यावर घासून गुळगुळीत करायची, त्यावर रंग आणि सोन्याचा वर्ख. पुटीमुळे कोरीव काम भरत जातं, हे लक्षात ठेवून कोरणारा मुळातच थोडं खोल जातो. म्हणूनच अनेक जुन्या मूर्तींचा रंग उडालेला असला की खालचं लाकूड गरजेपेक्षा रासवट वाटतं. ते रासवट नाही. ते रंगाऱ्यासाठी जागा सोडून केलेलं आहे. कोरणारा आणि रंगवणारा हे वेगळे कारागीर असत, आणि एकाने दुसऱ्याचा थर मनात धरून घाव घातलेला असे.

सावंतवाडीला गंजिफाच्या पानांवर रंगाआधी चिंचोक्याची खळ आणि खडू लावतात. मी लहानपणी चिंचोके भिजवून वाटायचं काम केलंय. आज एका तुकड्यावर सरसाची पुटी आणि दुसऱ्यावर चिंचोक्याची, अशी दोन्ही लावून पाहिली. सरसाची घासायला सोपी आणि कड धरून ठेवते. चिंचोक्याची जरा लवचिक, वाकणाऱ्या पानासाठी उत्तम, पण कोरीव कोपऱ्यात साचते. दोन्ही तुकडे पेटीत ठेवणार आहे. मुलांनी हात लावून बघावेत.

रंग कोणते द्यायचे हा प्रश्न सरळ नाही. आज चॅपेलमध्ये जे रंग दिसतात त्यांवर नंतरच्या शतकांचे हात फिरले आहेत. 1480चा मूळ रंग म्हणून मी काहीही ठामपणे लावणं बरोबर नाही. म्हणून डावा गाळा आज दिसतो तसा रंगवायचा, उजवा फक्त पुटीपर्यंत, आणि मधलं दार उघडं लाकूड.

13 जुलै, शनिवार

1:100चा ठोकळा. पश्चिमेची भिंत, मनोरा, बुरूज, सज्जे. मनोऱ्याची टोकं पेअरच्या लाकडातच. बाकी साधं.

खिडक्यांना जास्त वेळ दिला. काचा सोळाव्या शतकातल्या आहेत: येशूच्या दुःखभोगाचे प्रसंग, बाप्तिस्मा देणारा योहान, इशायाच्या (दाविद राजाच्या बापाच्या) वंशाचं झाड, आणि फियाक्रचं चरित्र. फियाक्रच्या काचेवर 1552 हे साल आहे आणि काम प्येर आंद्रुए याचं. म्हणजे जुबे आणि ही काच यांच्यामध्ये 72 वर्षं. जुबेतल्या ज्वाळा अजून पूर्ण गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन शैलीच्या, आहेत, काचेतल्या माणसांच्या पाठीमागे मात्र रेनेसांसच्या इमारती डोकावायला लागतात. दोघेही याच मुलुखात काम करणारे, आणि बाहेरचं जग बदलत असल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचत होती. आतल्या खेड्यांत सगळं उशिरा पोचतं असं म्हणणाऱ्यांना मी ही काच दाखवीन.

वंशाच्या झाडाची खिडकी करताना एक गोष्ट लक्षात आली. झोपलेल्या इशायाच्या अंगातून झाड निघतं, फांद्यांवर राजे बसलेले, शेंड्यावर मरिया. फांद्यांची वळणं आणि खिडकीच्या दगडी जाळीची वळणं एकमेकांना धरून चालतात. काच बनवणाऱ्याने दगड आधी पाहिला आणि मग चित्र आखलं. मी जाळी आधी कोरून मगच पारदर्शक कागदावर रंग भरले. त्या क्रमानेच ते बसतं.

24 ऑगस्ट, शनिवार

डावा गाळा रंगवून झाला. लाल आणि हिरवा शेजारी आले की दोघांमध्ये सोनेरी कड हवीच, नाहीतर पाच पावलांवरून दोन्ही मिळून तपकिरी दिसतात. मूळ कामातही सोनेरी कडा नेमक्या अशा ठिकाणी आहेत.

सज्जाखालच्या कमानींची टोकं अधांतरी लोंबतात, खाली खांब नाही. ती नक्षी म्हणून केलेली, भार घेत नाहीत. भार मागच्या तुळया घेतात. विद्यार्थी हे विचारणारच, म्हणून सज्जाची एक फळी काढता येईल अशी केली. काढली की तुळई दिसते.

31 ऑगस्ट, शनिवार

काल, 30 ऑगस्टला, फियाक्रचा दिवस होता. आज पेटी भरली.

महाविद्यालयाने विचारलं होतं, प्रतिकृती भिंतीला लावून काचेच्या कपाटात ठेवली तर चालेल का. नाही चालणार, असं स्पष्ट कळवलं. दालनाच्या मधोमध, टेबलावर, दोन्ही बाजूंनी माणूस फिरू शकेल अशीच ठेवायची. भिंतीला लावली तर कोल्ह्याचा माणूस कुणालाच दिसणार नाही, आणि हा पडदा दोन वेगळ्या लोकांशी दोन वेगळ्या गोष्टी बोलत होता हेच निघून जाईल. त्यांनी टेबल द्यायचं मान्य केलं आहे. दिवा एका बाजूने, खालच्या उंचीवर.

टिपणात तीन पानं: पहिल्यावर जुबे का वाचला, दुसऱ्यावर कंपासने नक्षी कशी आखायची, तिसऱ्यावर केर्नास्क्लेदेनची हत्यारांची कथा. सोबत एक रिकामं तावदान, पेअरचं, आखणी केलेलं पण न कापलेलं, आणि एक बारीक पटाशी. ज्याला कापून बघायचं त्याने कापावं. बिघडलं तर दुसरं पाठवीन.

झाकणाच्या आतल्या बाजूला जुळणीचा क्रम चिकटवला आहे: आधी खालची चौकट, मग दाराचे दोन खांब, जाळीची तावदानं वरून खाचेत सोडायची, मग तुळया, सज्जा, कठडा, सगळ्यात शेवटी क्रूस. खुंट्या वेगळ्या पुडीत, दोन जादा. हातोडी लाकडीच वापरायची.